काचेवरच्या टिकल्या

मी एक फियाट. रंग राखाडी, स्वभाव तिखट, वय विचारू नका. माझा भोंगा चांगला खणखणीत आहे, पण तो वाजायला माणसाचं बोट लागतं. हे दुःख तुम्हाला कळायचं नाही. समोर अनर्थ दिसतोय, घशात आवाज आहे आणि ओरडता येत नाही! असे दिवस मी काढलेत.

मुंबईच्या कारखान्यात जन्मले आणि नागपूरला आले. पहिला मालक मार्तंडशेठ, संत्र्यांचा व्यापारी. मागच्या सीटवर त्यानं माणसांपेक्षा पेट्याच जास्त बसवल्या. पुढं त्याला नव्या गाडीची हौस आली आणि अठ्ठ्याहत्तर साली मी ताराचंदच्या दारात उभी राहिले.

ताराचंद खापरखेड्याला वीजकेंद्रात क्रेन चालवायचा. छप्पन्न साली बापाचं बोट धरून दीक्षा घ्यायला गेलेला हा मुलगा. घराण्यात गाडी घेणारा पहिलाच. सकाळी मला पुसताना त्याची छाती अशी फुगायची की सदऱ्याची बटणं तुटतील की काय वाटायचं. मला तो फार आवडला. म्हणूनच पुढचं सांगायला अजून जड जातं.

आधी माझा डावा मडगार्ड खरचटला. मग डावं दार. मग पुन्हा मडगार्ड. ताराचंद म्हणायचा, "रस्तेच अरुंद झाले." रस्ते कुठले अरुंद होतात? अरुंद झाली होती त्याची नजर. समोरचं त्याला लख्ख दिसायचं, कडेचं मात्र हळूहळू पुसत चाललं होतं. डावीकडून सायकल यायची, माझ्या अंगावर काटा यायचा आणि हा आपला मजेत शीळ घालतोय! तिकडे क्रेनच्या आकड्याखाली माणसं ये-जा करत असतील, हा विचार आला की माझं इंजिन गार पडायचं.

त्यानं कुणाला काही सांगितलं नाही. एक दिवस बायकोला मात्र म्हणाला, "प्रेमिला, तू गाडी शिक. जमाना बदलून राहिला."

क्वार्टरमागच्या मोकळ्या जागेत त्यानं डांबराचे रिकामे ड्रम मांडले. दोन पुढं, दोन मागं, मधे माझ्यापुरती जागा. सीताबर्डीच्या बाजारात दोन गाड्यांच्या मधे गाडी कशी घालायची, ते शिकवायचं होतं. प्रेमिलाच्याच लाल टिकल्या घेऊन त्यानं माझ्या काचांवर चिकटवल्या. नवी नवरी नटवावी तसं मला नटवलं म्हणा ना.

"हे पाय," तो सांगायचा, "मांगच्या दाराची टिकली पुढच्या ड्रमावर आली का चाक पुरं डावीकडे फिरवाचं. आरशात मांगचा ड्रम दिसला का सरळ कराचं. बोनेटचा कोपरा सुटला का पुरं उजवीकडे. आन् मांगच्या काचीवरची टिकली ड्रमाच्या काठाले लागली, का थांबाचं. जगबुडी आली तरी पुढची गोष्ट नाई."

एवढं नेमकं त्याला कसं ठाऊक? कारण तो स्वतः तसाच गाडी लावायचा. खुणेवर खूण जुळवत, चाचपडत. प्रेमिलाला वाटायचं, नवरा हुशार. मला रडू यायचं.

महिन्याभरात प्रेमिला रस्त्यावरही मला चालवू लागली. अशाच एका रविवारी ताराचंद मागच्या ड्रमांच्या मागं उभा राहिला. आपल्याकडची रीतच आहे, गाडी मागं घेताना एकानं मागं उभं राहून "येऊ दे, येऊ दे" करायचं. सगळा रस्ता त्या हाताच्या भरवशावर.

"येऊ दे... येऊ दे..."

तेवढ्यात त्याची आई जिजाबाई डाव्या बाजूनं चहा घेऊन आली. कप हातातून निसटला, ड्रमापाशी घरंगळत आला आणि म्हातारी तो उचलायला वाकली. माझ्या आणि ड्रमाच्या मधोमध! काचेतून ती दिसत नव्हती. ताराचंदच्या डाव्या हाताला होती, पाच पावलांवर. तिच्या लुगड्याचा पदर माझ्या बंपरला लागला.

"येऊ दे! अजून येऊ दे!"

मी चाकं आवळायचा जीव तोडून प्रयत्न केला. पण गाडीचं कोण ऐकतं? मी मागं सरकतच होते. आणि करकचून ब्रेक लागला.

"म्या येऊ दे म्हणून राहिलो, तं काहून थांबली वं?" ताराचंद ओरडला.

"टिकली लागली," प्रेमिला म्हणाली.

"टिकली मोठी का नवरा मोठा?"

"अरे बापा," माझ्या बंपरपाशी जिजाबाई कप घेऊन उठली, "काय गा ताराचंद, जिती गाडतं का मले?"

ताराचंदचा हात हवेत तसाच राहिला. प्रेमिलानं एकदा सासूकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. मग दोघांमधली पाच पावलं मोजली.

संध्याकाळी ती त्याला घेऊन माझ्यात येऊन बसली. समोर बघा म्हणाली आणि आपला हात त्याच्या कानापासून हळूहळू पुढं आणू लागली. हात जवळजवळ नाकासमोर आला, तेव्हा कुठं तो दचकला.

"कवापासून?"

"दोन वर्सं झाले असतीन."

"आन् तुम्ही क्रेनवर चढून राहिले?"

"नोकरी जाईन वं, प्रेमिला."

"खाली मानसं असतात जी!" ती किंचाळलीच. मग दोघंही रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला निघताना स्टिअरिंगवर ती बसली, शेजारी तो. वीजकेंद्राचं फाटक आलं. तिनं वेग कमी केला नाही. फाटक मागं पडलं. ताराचंद दाराची मूठ घट्ट धरून बसला.

नागपुरात, धंतोलीत डोळ्यांच्या डॉक्टरच्या दवाखान्यासमोर एक जीप आणि एक मोटार उभी होती. दोघींच्या मधे जेमतेम जागा. मागं उभं राहून हात दाखवणारं कुणी नव्हतं. प्रेमिलानं मला एका दमात आत घातलं, कुठं नख लागलं नाही.

ताराचंद बसूनच राहिला.

"वाकडी लागली वाट्टे," तो हळूच म्हणाला. "एकखेप काढून परत लाव."

"नाई. बराबर लागली हाय," प्रेमिला म्हणाली. "उतरा."

उशीर झाला होता. डॉक्टरांनी दोन-चार वर्षं वाचवली, तेवढीच. क्रेन सुटली, स्टोअरमधलं हलकं काम मिळालं, आणि मग तेही दिसेनासं झालं.

आता मी अंगणात विटांवर उभी आहे. चाकं गेली, इंजिन गेलं. रोज तिसऱ्या प्रहरी ताराचंद चाचपडत येतो, माझ्या छपरावर हात ठेवतो आणि आत बसून राहतो. उद्या भंगारवाला येणार आहे. प्रेमिलाची त्याला सांगायला जीभ रेटत नाही. बाबांनो, तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलात तर एवढं करा. त्याला आधी सांगा, मग मला नेऊ द्या. नजरेसारखं न सांगता गेलेलं त्या माणसानं फार पाहिलंय.