घाटवीराची लाल केप

मित्रांनो, मी एक जुनी लाल केप आहे. आधी मी उज्जैनच्या आमच्या मराठी मंडळाच्या रंगमंचावर पडदा म्हणून कित्येक वर्षं काढली. नवा पडदा आला, तेव्हा जयूने मला कापून, गळ्याशी नाडी लावून आपल्या भावासाठी शिवलं. भाऊ म्हणजे आल्हाद, बँकेत नोकरीला. गणेशोत्सवाच्या बालनाट्यात तो घाटावर अडल्यानडल्यांना हात देणारा 'घाटवीर' झाला आणि टाळ्या अशा पडल्या की स्वारी मला अंगावरून काढायलाच तयार होईना. विसर्जनालासुद्धा तो मला मिरवत राम घाटावर आला.

तिथेच घोटाळा झाला. शेजारच्या अलकाकाकूंना पायऱ्या उतरवायचं काम त्याच्याकडे होतं. बाप्पाला पाण्यात बुडवून वर काढतात, तेवढं मोबाइलवर टिपायला त्याने काकूंचा हात सोडला. शेवाळावरून काकूंचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. मी तेव्हा ऐटीत फडफडत होते, याचं मला फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारपासून घाटवीर खरोखर कामाला लागला. सकाळीच घाटावर उभा राहून तो दिसेल त्याला हात देई. म्हातारी माणसं आशीर्वाद देत, मुलं माझ्याबरोबर फोटो काढत आणि मी फुगून जाई. पण त्याचा उत्साह जरा उतूच जाई. एकदा रोज नदी पोहणाऱ्या धडधाकट पंडितजींनाच त्याने दंड धरून खाली उतरवलं.

"भैया, हमें तो छोड़ दो," ते म्हणाले आणि सगळा घाट हसला.

काकूंचं दार आलं की मात्र हा वीर मान खाली घालून दुसऱ्या गल्लीत वळे. माफी मागायची हिंमतच होत नव्हती. काकूंचं प्लास्टर निघालं, वर्ष सरत आलं, तरी नाही.

एका रविवारी काकू स्वतःच घाटावर आल्या. आल्हादने घाईघाईने मला डोक्यावरून ओढून घेतलं. भर घाटावर लाल केपमागे लपायचं म्हणजे कमालच म्हणायची! काकू सरळ त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"आल्हाद, सगळ्या दुनियेला हात देतोस. माझ्या घरी यायलाच तुला फुर्सत नाही का रे?"

त्याने मला डोक्यावरून खाली सारलं. "काकू, तुमचा हात मीच सोडला होता. कोणत्या तोंडाने येऊ?"

"याच तोंडाने ये. मनगट अजून नीट वळत नाही, मोदकांना कळ्या पडत नाहीत माझ्याच्याने. चतुर्थीला येऊन तू पाड."

तो गेला. दारातच मला काढून त्याने खुंटीवर टांगलं, मग काकूंच्या पाया पडून माफी मागितली आणि उकडीला हात घातला. त्याचे वाकडेतिकडे मोदक पाहून काकू पोट धरून हसत होत्या. थोड्या वेळाने तोही हसू लागला.

मित्रांनो, मला जरूर घाला, धुऊन सावलीत वाळवा, रविवारी घाटावर न्या. पण कुणाला दुखावलं असेल, तर आधी त्याच्या घरी जा. आणि तिथे जाताना मला घालू नका.