राखणदाराची पाठवणी

गेम खेळून चुका शोधणाऱ्या गार्गीने सकाळी पाठवलेल्या तक्रारीत एकच ओळ होती : "राखणदार जात नाहीये." खाली तिने चित्रं जोडली होती. खाडीवरचा पूल, भाताचं खळं, देवळाचा सभामंडप. प्रत्येक ठिकाणी खेळाडूच्या मागे दहा पावलांवर तो उभा होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मारत नव्हता, बोलत नव्हता. नुसता उभा.

अंधेरीतल्या त्या गेम स्टुडिओत नितेश लढायांचा प्रमुख होता. कोणाचा घाव किती वेळात पडावा, तो हुकवायला खेळाडूला किती क्षण मिळावेत, हे तो ठरवायचा. असले घोटाळे त्याने शेकड्यांनी निस्तरले होते आणि एरवी तो हसलाच असता. आज तो ती चित्रं एकेक करून पुन्हा बघत बसला. कारण गेले चार दिवस घरी बाबाही त्याच्याकडे बघताना त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते. त्याच्या खांद्यावरून मागे, कुठेतरी दहा पावलांवर बघत होते.

स्टुडिओचा पहिला गेम 'सातबुरूज' बरा चालला होता. लोकांनी कथेचं कौतुक केलं आणि लढाईला शिव्या घातल्या. 'तलवार उचलेपर्यंत चहा पिऊन होतो,' असं कोणीतरी लिहिलं होतं, ते नितेशला मिरचीसारखं झोंबलं होतं. त्यामुळे त्यातल्या राखणदाराला, गावाची वेस सांभाळणाऱ्या त्या दुय्यम पात्राला घेऊन वेगळा छोटा गेम काढायचं ठरलं, तेव्हा नितेशने हट्टच धरला : वेग पाहिजे.

कथा लिहिणारी मृणालिनी म्हणायची, "अरे, माणसाला घाबरायला वेळ लागतो. तू त्याला सारखं पळवलंस तर तो घाबरणार कधी?" तिने लिहिलेलं असं होतं. खेळाडू वेशीवर गाऱ्हाणं घालतो, देवाला साकडं घालून राखणदाराला हाक मारतो. तो प्रकटतो, खेळाडूची परीक्षा घ्यायला लढतो. मग गाऱ्हाण्याचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे पाठवणी, आणि तो शांत होऊन आपल्या जागी परत जातो. मृणालिनीच्याच तात्पुरत्या आवाजात चाचणी झाली. लढाई जिंकल्यावर पाठवणी सुरू होताच दहापैकी सात जणांनी कंट्रोलर खाली ठेवून मोबाइल काढला. नितेशने तिला सांगून टाकलं, पाठवणी कापायची.

खरा आवाज मात्र बाबांचा घ्यायचा होता. सहदेव, नितेशचे बाबा, गिरणी बंद पडल्यावर शाळेत शिपाई होते, पण गावी गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. त्या घराण्यात शब्द येणारे आता तेवढे एकटेच उरले होते. जोगेश्वरीच्या घरी जेवणाच्या टेबलावर माइक ठेवून नितेशने सुरू करायला सांगितलं. बाबांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा..." स्वयंपाकघरातून आई, कुंदा, दर ओळीला हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणत होती. बाबांनी देवाच्या हाताखालच्या भुताला, चाळ्याला हाक मारली, वेशीला मारली, राखणदाराला मारली. दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली आणि नितेशने बटण दाबलं.

"बस, बाबा. पुढचं नको. इथे फाईट सुरू होते."

बाबांनी डोळे उघडले. "मेल्या, हाक मारलंय तर पाठवणी नको करूक? अर्ध्यार ठेवू नये रे."

"उद्या घेऊ ना. मीटिंग आहे मला."

अति घाई संकटात नेई, हे घाटातल्या पाटीवर वाचून हसणाऱ्यांपैकी नितेश एक. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप बाबांच्या हातातून पडला. पक्षाघाताचा झटका आला होता. हॉस्पिटलातून चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा चालणं जेमतेम आलं होतं. वाचा आली नव्हती. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "आणि नाहीही येणार." वय अडुसष्ट, रक्तदाब जुना, गोळ्या चुकवायची खोड. कारणं पुरेशी होती. नितेशने ती स्वतःला रोज मोजून दाखवली आणि एकदाही त्याचं समाधान झालं नाही.

"दुसरा अर्धा टाक ना सरळ," गार्गीची तक्रार वाचून मृणालिनी म्हणाली. "पाठवणीचा आवाज संपला की त्याने जायचं, असं बांधलंय आपण. तो आवाज वाजतच नाही, मग तो जाणार कसा? काकांनी म्हटला असेल की."

"नाहीये," नितेश म्हणाला. "मी थांबवलं त्यांना."

मृणालिनीने आपली खुर्ची त्याच्याजवळ ओढली. घरी काय झालंय ते तिला ठाऊक होतं.

त्याने कोडच्या तीन ओळी लिहिल्या. लढाई संपली की राखणदार नाहीसा. अर्ध्या तासाने पलीकडून गार्गी ओरडली, "गेला रे! झकास!" नितेशने स्वतः खेळून बघितलं. पूल, खळं, सभामंडप. मागे कोणी नव्हतं. पडद्यावरून गेला खरा, पण कोणी त्याला जा म्हटलं नव्हतं. नुसता दिसेनासा केला होता. ही गोष्ट मनात आली आणि नितेशला खुर्चीत बसवेना. मागे वळून बघायची त्याला लाज वाटली आणि भीतीही वाटली. शेवटी तो न वळताच बॅग उचलून दुपारी तीनला निघाला.

घरी बाबा खिडकीजवळ उशांना टेकून बसले होते. नितेश दारातून आत आला, तसे त्यांचे डोळे त्याच्या मागे गेले आणि तिथेच थांबले. दार त्याने लावून घेतलं होतं.

"आई, हे कोणाला बघतात?"

"माका काय ठाऊक?" कुंदा म्हणाली, पण तिनेही दाराकडे बघायचं टाळलं. "तू घरात असलंस की तशेच बघतत. तू गेलंस की गप निजतत."

नितेशने पाय धुतले आणि तो बाबांसमोर पाट मांडून बसला. "आई, बस. व्हय म्हण."

"तुका येता?"

"नाही येत. पण कोणीतरी म्हणायला हवं ना!"

त्याने हात जोडले. सुरुवातीचे शब्द त्या दोन मिनिटं चाळीस सेकंदांतून पाठ झाले होते. त्यापुढे वाट संपली आणि तो आपल्या शब्दांत चाचपडू लागला. "बा देवा म्हाराजा, तुला हाक मारली, तू आलास."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली.

"तुझा मान अर्ध्यावर ठेवला. चूकभूल पदरात घे. आता आपल्या जागेवर जा, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या सहदेवाची वाचा परत दे. त्याची राखण कर. ह्या कुंदेची राखण कर. गावात कोण असतील, मुंबईत कोण असतील, सगळ्यांची राखण कर."

"व्हय म्हाराजा!"

तो थांबला. "झालं, बाबा?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"काय राहिलं? गुरावासरांचं?" नाही. "वेशीचं? नारळाचं?" नाही, नाही. बाबांच्या घशातून नुसता घरघर आवाज येत होता, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं होतं. त्यांनी बरा हात महत्प्रयासाने उचलला. नितेशला वाटलं, आता ते त्याच्या पाठीमागे बोट दाखवणार. त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

बोट त्याच्या छातीला टेकलं आणि तिथेच दाबून राहिलं.

"तुझां नाव घेतलंस नाय," आई हलक्या आवाजात म्हणाली. "सगळ्यांची राखण मागलंस, आपली नाय. बटण कोणी दाबलेला, नितेश? बाबांका आपल्यासाठी भय नाय रे. तुझ्यासाठी भय आसा."

नितेशने डोळे उघडले. बाबा आता त्याच्या मागे बघत नव्हते, त्याच्याकडेच बघत होते, विनवणी करावी तसे. आईने त्याच्यासाठी पुन्हा हात जोडले आणि ती वाट बघू लागली. त्याला फक्त आपलं नाव उच्चारायचं होतं. पाठीमागे कोणीतरी एक पाऊल पुढे टाकल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या तोंडातून शब्द फुटेना.