मांडीवरचा होकार

जमातीच्या सभेत निर्णयाची रीत जुनी होती. पटलं की उठायचं. एक जण जरी बसून राहिला, तरी काम अडायचं. दोन पिढ्या सरकारशी भांडून आपला कारभार आपल्या हाती आला, तेव्हा हीच रीत सगळ्यांनी अभिमानानं कायम ठेवली. भर एकच घातली, तीही अलीकडे, एका तान्ह्या बाळाच्या आईच्या मागणीवरून : मांडीवर मूल असलेल्या बाईला उठवायचं नाही, ती बसलेली असली तरी तिचा होकारच धरायचा.

आज पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून झालं, हे मान्य करायचं होतं. काम प्रमुखांच्या जावयाचं. यंत्रात गाळणीच नव्हती. झाकण उघडून त्या आईनं स्वतः पाहिलं होतं. पाण्यात उतरणारा खाणीचा गाळ उकळूनही जात नव्हता. तिचं लेकरू जुलाबानं पार सुकून गेलं होतं. आज 'झालं' म्हटलं, की मग गाळणी कोण बसवतंय?

प्रमुख म्हणजे तिचे चुलत सासरे. "उठा रे बाबांनो," ते म्हणाले. "'यांना कारभार जमत नाही' म्हणायला बाहेरचे टपूनच बसलेत."

बाकं करकरली. सगळे उठले. ती बसूनच राहिली.

"काका, माझा नकार आहे."

"अगं सूनबाई, मांडीवर बाळ आहे ना? बस की निवांत. नियम तूच मागून घेतलास."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

तिनं बाळ सासूपुढं धरलं. "आई, जरा घ्या ना."

सासूचे हात पुढं आले आणि तिथंच थबकले. "तुझ्या नवऱ्याची नोकरी त्यांच्या हातात आहे गं," ती पुटपुटली.

मग सुनेनं पायाशी शाल अंथरली, बाळाला फरशीवर निजवलं आणि रिकाम्या मांडीनं बसली. बाळाला धड रडायचंही त्राण नव्हतं. नुसतं कण्हत राहिलं.

"आता धरा माझा नकार."

प्रमुखांचा चेहरा उतरला.

तेवढ्यात तिचा नवरा पुढं आला. जमातीच्या कारभारी मंडळाची गाडी चालवायचा तो. त्यानं वाकून बाळाला उचललं, पाठीवरची धूळ झटकली. तिच्या जिवात जीव आला.

"वेडी आहेस का? गारठेल ना ते," तो हळूच म्हणाला. बाळ त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिचा खांदा दाबून धरला.

"झालं तर मग," प्रमुख म्हणाले. "एकमतानं."

टाळ्या पडल्या. सासूनं त्याच यंत्राच्या नळावरून भरून आणलेली बाटली पुढं केली. "घे, दोन घोट पाज त्याला. घसा कोरडा पडलाय बिचाऱ्याचा."