बुडातली नवी फळी

मित्रांनो, मुठेच्या पाण्यावर आयुष्य काढलेली मी एक जुनी सागवानी नाव आहे. मुळशीच्या रानातला साग पुण्यात आला, नदीकाठच्या सुतारांनी फळ्या जुळवल्या, सांध्यांत काथ्या ठोकून राळ भरली, आणि मी पाण्यात उतरले. बजरंग नावाडी माझा पहिला धनी. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, मुक्ताबाईने वल्हे हाती घेतले. पेशव्यांचे पुणे तेव्हा भरभराटीत होते. पलीकडच्या भांबुर्ड्याची भाजी, कुंभारांची मडकी, वऱ्हाडे, मोहिमेवरून परतलेले शिपाई, सारे माझ्यातून पार झाले. माझ्यातून उतरताना कुणाचा पदरही कधी भिजला नाही.

मग मुठेवर लाकडी पूल झाला आणि लोक पायी जाऊ लागले. मी काठाला बांधलेली राहिले. उन्हाने माझ्या फळ्या सुकू लागल्या, तेव्हा मुक्ताबाईने मला विकायचे ठरवले. अट एकच होती: नाव पाण्यातच राहिली पाहिजे.

पहिले आले श्रीनिवासपंत. त्यांना बागेतल्या तळ्यासाठी नाव हवी होती. चार वेळा आले, दर वेळी नवी खोड काढून गेले. शेवटी नाकाला उपरणे लावून म्हणाले, “नाव जुनी आहे हे तुम्ही सांगितलं नसतंत, तरी वासावरून कळलं असतं.”

“वास माणसांचा हाय, पंत,” मुक्ताबाई म्हणाली. “रिकाम्या नावेला वास नसतो.”

पंत पुन्हा फिरकले नाहीत.

दुसरा जयसिंग, चुन्याच्या भट्टीचा मालक. त्याला मी जाळायला हवी होती. फळ्या ठोकून पाहत त्याने लाकडाची तोंडभरून तारीफ केली आणि नाव म्हणून मात्र मी कुचकामी असल्याचे ठरवले. घरात चणचण होती. मुक्ताबाईची लेक आनंदी आईकडे बघत राहिली. आईने मान हलवून नकार दिला. त्या दिवशी मला माझ्या सागाचा अभिमान वाटला, पण तिचा त्याहून जास्त.

तिसरे वारज्याचे संभाजी पाटील. त्यांनी ना किंमत विचारली, ना दोष काढले. एकच प्रश्न केला, “हिला लागलंय कुठं?”

एका पुरात मी खडकावर आदळले होते आणि बुडातली एक फळी बदलावी लागली होती. वरून राळ होती, दिसले नसते. तरी मुक्ताबाईने ती जागा बोटाने दाखवली.

पाटील म्हणाले, “आमच्या गावची नाव उलटली गेल्या साली. धाकटा भाऊ गेला माझा. तवा राग मानू नका, पर तुमची लेक त्या फळीवर बसवा आन् चला मधल्या धारंला.”

आनंदी त्या फळीवर येऊन बसली. पाटील तिच्याशेजारी बसले. मुक्ताबाईने वल्हे मारले. धार जोरात होती. मी एकेक सांधा आवळून धरला. मध्यावर आल्यावर पाटलांनी त्या फळीवर तळवा दाबला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तळवा कोरडा निघाला. तो त्यांनी कपाळाला लावला. सौदा तिथेच झाला.

आता मी वारज्याहून पलीकडे वडगावला माणसे नेते. दर साली पाटील मला उलटी करून स्वतःच्या हाताने करंजाचे तेल लावतात. मित्रांनो, जुनी वस्तू देताना तिची जखम झाकू नका आणि घेतल्यावर तिची निगा सोडू नका. एवढे केलेत, तर आम्ही जुन्या वस्तू तुम्हाला दगा देणार नाही.

परवा पाटलांची म्हातारी आई काठावर आली. धाकटा गेल्यापासून ती नदीकडे पाठ करून बसायची. तिने माझ्या कडेला हात लावला, एक पाय आत ठेवला, मग दुसरा. बसल्यावर लेकाला म्हणाली, “चल, ने पल्याड.”