नंतर आठवण करा

रोज सकाळी लॅपटॉप उघडला की तो ‘नवी सिस्टिम टाकू का?’ विचारायचा; मी आधी ‘नंतर आठवण करा’वर बोट ठेवायचे आणि मगच चहा टाकायचे.

नवऱ्याच्या घशाचं ऑपरेशन व्हायच्या आधी आम्ही त्याचा आवाज साठवून ठेवला. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून तो आठवडाभर वाक्यं वाचत बसला होता. आता तो टाइप करतो आणि लॅपटॉप त्याच्याच आवाजात बोलतो. नेहमीच्या वाक्यांना कीबोर्डवर एकेक कळ नेमलेली. त्यातली सगळ्यात झिजलेली कळ म्हणजे ‘पुरे आता दोघींचं!’ दोघी कोण, ते सांगायला नको. एक मी, दुसऱ्या सासूबाई.

हा बोलणारा प्रोग्रॅम एका जुन्या रनटाइमच्या, म्हणजे त्याला चालवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या, जोरावर चालतो. नवी सिस्टिम त्या रनटाइमला उभंच करणार नाही, हे कळल्यापासून माझ्या जिवाला घोर लागला होता. सिस्टिमवाले म्हणाले, ते आमचं नाही, रनटाइमवाल्यांना विचारा. रनटाइमवाले म्हणाले, आमचं ठीक चालतंय, दार त्यांनी लावलं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणे! इथे तिसऱ्याची वाचाच जायची वेळ आली होती. नवी सिस्टिम येऊच नये म्हणून नेट तोडून टाकावं, तर सासूबाई संध्याकाळी त्याच लॅपटॉपवर नणंदेशी बोलतात. त्यांना बजावलं होतं, "आई, लॅपटॉपने काहीही विचारलं तरी नाही म्हणा." चष्म्याच्या दुकानात काचा घासताना माझं अर्धं लक्ष घरी असायचं.

काल घरी आले तर लॅपटॉपचा तोंडवळाच बदललेला.

"आई, काय केलंत?"

"अगं, किती दिवस विचारत होतं बिचारं! सारखं नाही नाही म्हणायचं बरं दिसतं का? म्हटलं एकदा हो."

"यंत्राची कसली भीड? भीड भिकेची बहीण! तुमच्या मुलाचा आवाज घालवलात!"

"मग नीट सांगायचंस ना मला! नुसतं नाही म्हणा, नाही म्हणा... मला काय कळतंय त्यातलं?"

त्यांचा आवाज चढला, माझा त्याहून. मी नको ते बोलले, त्यांनीही काही बाकी ठेवलं नाही.

आतून नवरा आला. सवयीने त्याने ती झिजलेली कळ दाबली. पडद्यावर पाटी आली: ‘आवश्यक रनटाइम उपलब्ध नाही.’

आम्ही दोघी एकदम गप्प झालो. त्याने पुन्हा दाबली. मग पुन्हा.