राळेचा भाव

सासऱ्यांच्या डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना पालथं झोपायला सांगितलं. जेवण आणि अंघोळ सोडली तर दिवसभर तोंड खाली. टीव्ही नाही, फोन नाही, कॉम्प्युटरचं तर नावही काढायचं नाही. सूनबाईला वाटलं होतं, आता घर डोक्यावर घेतील. पण त्यांनी उशीत तोंड खुपसलं आणि एवढंच म्हटलं, "माझी राळ विकायची राहिलीय. तेवढी तू वीक."

ही राळ हातात घेता येईल अशी नव्हती. सासरे जन्मभर बंदरावर क्रेन चालवायचे. तिथे नवी यंत्रं आली, सासऱ्यांसकट पाच दोस्त एकदमच घरी बसले आणि आपापल्या मुलांकडे पाच गावांना पांगले. त्यातल्या एकाच्या मुलीने त्यांना कॉम्प्युटरवरच्या जहाजांच्या खेळाची गोडी लावली. तेव्हापासून संध्याकाळ झाली की पाचही म्हातारे कानाला हेडफोन लावून समुद्रात उतरत. प्रत्येकाचं होडकं वेगळं, कारण पाच जणांना घेणारं जहाज आवाक्याबाहेरचं. त्या जहाजासाठी त्यांनी वर्षभर खपून राळ साठवली होती. खेळात फळ्यांच्या फटी बुजवायला ती लागे आणि मिळे मात्र दूरच्या एका बेटावर. पाचही जणांचा माल सासऱ्यांच्या कोठारात होता, कारण सासऱ्यांवर सगळ्यांचा डोळे मिटून विश्वास.

खेळात माल विकायचा तर दलाल गाठावा लागे. दलाल म्हणजेही खेळणारी माणसंच, कुठली कोण कुणाला ठाऊक नाही. माल त्यांच्या गोदामात लावायचा, ते भाव बघून विकणार आणि आपली दलाली कापून घेणार. सासऱ्यांनी उशीतूनच बजावलं होतं, "मुकादम नावाचा आहे, त्याच्याकडेच जा. तोंडाने फटकळ आहे, पण माल अडकवत नाही."

सूनबाई मुकादमाकडे गेली. त्याने एका ओळीत भाव सांगितला, पटत असेल तर द्या म्हणाला आणि गप्प झाला. शेजारीच चिमणी नावाची दलाल होती. सासऱ्यांऐवजी सून का आली ते ऐकून तिने आधी त्यांच्या डोळ्याची चौकशी केली, मग म्हणाली, राळ चढतेय, थोडं थांबलात तर चांगले पैसे सुटतील. भाव खरंच चढत होता. सूनबाईने विचार केला, म्हाताऱ्यांना चार पैसे जास्तच मिळाले तर काय वाईट. सगळी राळ तिने चिमणीच्या गोदामात लावली. सासऱ्यांना ती एवढंच म्हणाली की माल दलालाकडे दिलाय. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढचे दोन-तीन दिवस ती हवेत होती. मग खेळ चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं, की येत्या आठवड्यापासून राळ प्रत्येक जंगलात सापडेल.

भाव असा गडगडला, की बघणाऱ्याला घेरी यावी. तिने चिमणीला निरोप टाकला. उत्तर नाही. पुन्हा टाकला. चिमणीच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेलेला होता.

सूनबाई कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कामाला होती. मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतोय का पाहायचं, मग साचा भरायचा. हात चालले की डोकं शांत राहायचं, असा तिचा अनुभव. पण त्या दिवशी दर दातामागे ती फोन बघत होती. दुपारी मालकीणबाईंनी एक कवळी तिच्यासमोर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "हे गृहस्थ हसणार कसे?" डावीकडचा सुळा उजवीकडे गेला होता. सूनबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने मेण वितळवून पुन्हा सुरुवात केली.

घरी आली, तर सासरे तसेच पालथे. तिची चाहूल लागताच त्यांनी विचारलं, विकली का गं? चाललंय म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांचा चेहरा दिसत नव्हता, दिसायची ती फक्त मान आणि पांढरे केस. ते रागावलेत की झोपलेत हेही कळायचं नाही. नवरा बाहेरगावी नोकरीला होता. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, अगं खेळच तो. त्याला कसं सांगणार, की पाच माणसांचं वर्ष तिच्या हातून एका अनोळखी बाईच्या गोदामात गेलं होतं?

शेवटी तिच्याने राहवेना. पलंगाशेजारी जमिनीवर बसून तिने सगळं सांगून टाकलं. मुकादमाला का दिली नाही, हेही. 

मग उशीतून आवाज आला. "दलाल दिवसभर फिरकला नाही, तर माल परत मागता येतो. दंड बसतो थोडा. मागितलास?"

तिला हे माहीतच नव्हतं.

"लॅपटॉप आण इकडे. मी बघत नाही, तू वाच."

तिने मांडीवर लॅपटॉप घेतला. दंड भरून राळ परत आली, तेव्हा तिने कुठे श्वास सोडला. पण विकायची कुठे? मोठ्या बंदरांतले भाव ती वाचत गेली, सासरे प्रत्येकाला नको म्हणत गेले. मोठ्या बंदरात बातमी वाचूनच लोक बसलेत, म्हणाले. पुढच्या आठवड्यात फुकट मिळणारी गोष्ट आज कोण घेईल?

"आज वादळ कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

तिने नकाशा उघडला. वादळ दक्षिणेला होतं.

"त्याच्या वाटेवरची छोटी बंदरं बघ. तिथं फुटकी जहाजं लागली असतील. त्यांना आठवडाभर थांबायला वेळ नाही, आत पाणी शिरतंय त्यांच्या."

अशा तीन बंदरांत राळेचा भाव अजून टिकून होता. पण तोही वाचता वाचता खाली सरकत होता. तिन्हीकडे माल पोचवणारा एकच दलाल हजर होता, मुकादम. सूनबाईने निरोप लिहिला. त्याने दुप्पट दलाली मागितली. तिचा हात थांबला.

"काय म्हणतोय?"

"दुप्पट मागतोय, बाबा."

"दे. वेळ आपली वाईट आहे, त्याची नाही."

मग एकेक गठ्ठा जाऊ लागला. ती आकडा वाचायची, ते "सोड" किंवा "थांब" म्हणायचे. मध्येच वाचताना ती आकडा चुकली. त्यांनी पलंगाखाली हात लोंबकळता सोडून तिच्या डोक्यावर टेकवला आणि नंतर काढून घेतला. तिसऱ्या बंदरात भाव कोसळला तेव्हा थोडीच राळ उरली होती. ती कवडीमोलाने गेली.

जमलेल्या पैशांत पाच जणांचं मोठं जहाज काही आलं नसतं. चार जणांचं आलं असतं.

दोस्तांना सांगणं हे त्याहून कठीण होतं. त्यातल्या एकाला सगळे तोफ म्हणत. त्याचा आवाज हेडफोन काढून ठेवला तरी खोलीभर ऐकू यायचा आणि सगळ्यात जास्त राळ त्याचीच होती. संध्याकाळी सूनबाईने लॅपटॉप उशीजवळ ठेवला. सासरे खाली तोंड करूनच म्हणाले, दलाल निवडण्यात माझी चूक झाली, पाच जणांचं जहाज आता होत नाही.

सूनबाई पुढे सरकली. "त्यांची नाही, काका. माझी चूक झाली. त्यांनी मुकादम सांगितला होता. मला जास्तीचा मोह झाला."

पलीकडे कुणाच्या तरी घरी भांडं पडल्याचा आवाज आला. तिला वाटलं, आता तोफ सुटणार.

"सूनबाई," तोफ म्हणाला, कधी नव्हे ते हळू, "चार जणांचंच घ्या. मला तशीही बोट लागते."

"चाळीस वर्षं बंदरावर काढलीस की रे," सासरे म्हणाले.

"जमिनीवर काढली. तू वर होतास, मी खाली."

कुणीतरी हसलं. पण तोफ त्यानंतर लवकर निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाही. त्याची ती थट्टा खरी होती की वरवरची, याचाच सूनबाईला घोर लागला. त्याच सुमारास चिमणीचा निरोप आला, की आईला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, माफ करा. खरं-खोटं कळायला मार्ग नव्हता. तिने आईची तब्येत विचारली. उत्तर आलं नाही.

सासऱ्यांना उताणं झोपायची परवानगी मिळाली, त्याच आठवड्यात जहाज घेतलं. त्यांना स्क्रीन बघायला अजून बंदीच होती, म्हणून सुकाणू सूनबाईच्या हाती आणि सासरे बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून. चौघं एकाच डेकवर उभे राहिले. बंदर मागे पडलं. तेवढ्यात तिला मागे एक ठिपका दिसला. तोफेचं होडकं. एकच शीड, लाटेगणिक मागे पडत होतं.

"बाबा, तोफकाका आलेत. आपल्या मागे आहेत, पण त्यांना वेग जमत नाहीये."

सासऱ्यांनी डोळे उघडले नाहीत. "मग बघतेस काय? शिडं उतरव."