आत्याच्या हातची बाटली

ऑकलंडमधल्या टोंगन चर्चच्या सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. पुढे सेमीसी उघड्या अंगानं बसला होता. दोन आठवड्यांपूर्वी पुरळानं लालबुंद झालेल्या अंगावर आज एक डाग नव्हता!

"सात पिढ्यांचं समुद्रपाणी!" काफोआ वैदू बाटली नाचवत गरजला. "बहिणीचं रक्त बाधलं होतं पोराला. विष मी उतरवलं! गोळ्याबिळ्यांचं काम नाही हे!"

टाळ्या पडल्या आणि सेमीसीच्या आत्याची, मेलेआनेची, मान ताठ झाली. बाटली तिनंच घरात आणली होती. टोंगन घरात बापाच्या बहिणीपुढे भाच्यांनी ब्र काढायचा नसतो.

सेमीसीचा रक्ताचा कर्करोग अस्थिमज्जा बदलूनही उलटला होता. म्हणून मज्जा देणाऱ्या बहिणीच्या, लोसेलीच्या, रक्तातल्या लढाऊ पेशी डॉक्टरांनी त्याला दिल्या होत्या. पुरळ उठलं तर लगेच कळवा, असं बजावलंही होतं. आत्यानं कळवू दिलं नाही.

पण भावाचा चेहरा गोल सुजलेला पाहून लोसेलीनं गुपचूप बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी इस्पितळात नेलं. सोमवारी डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावलं.

"यात स्टिरॉइडच्या गोळ्या कुटून घातल्यात. चेहरा त्यानंच सुजलाय. पुरळ म्हणजे लोसेलीच्या पेशी जाग्या झाल्याची खूण होती. कर्करोगाशी त्याच लढतात. पुरळ वाढलं तर आम्हीही हेच औषध देतो, पण मोजूनमापून. तुम्ही लढणाऱ्यांनाच झोपवलंत."

"आणि कर्करोग?" आत्यानं विचारलं.

"रक्तात पुन्हा वाढलाय. हे औषध हळूहळू उतरवू, पेशी पुन्हा देऊ. खात्री मात्र देता येत नाही."

आत्या लोसेलीवर खेकसली, "संशय होता तर बोलली का नाहीस, बये?"

"तुमच्यापुढे बोलायची सोय आहे का, आत्या?"

आत्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैदू लबाड होता खरा, पण पोराच्या तोंडाला बाटली तिनंच लावली होती.

रविवारी त्याच सभागृहात ती आपल्या मानाच्या खुर्चीवरून उठली आणि सेमीसीच्या पायाशी चटईवर बसली. सगळे हबकले. काफोआ मागच्या दारानं सटकला.

"आत्या, उठा! लोक बघतायत," सेमीसी कळवळला.

"बघू देत. लोकहो, त्या बाटलीत समुद्र नव्हता, औषधाच्या दुकानातल्या गोळ्या होत्या. मी विचारलं नाही आणि पोरांना विचारू दिलं नाही. लाज वाटते मला. यापुढे कुणी काही पाजायला आलं, तर आत काय आहे ते आधी विचारा. पाजणारी मी असले, तरी विचारा."